मुरुड आगार, फलाट क्रमांक एक

मुरुडला रेल्वे नाही. हे तक्रारीच्या सुरात वाचू नये. इथे समुद्र आहे, जंजिरा आहे, पद्मदुर्ग आहे, सुपारी आहे, शनिवारी-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग आहे. आणि माणसाला सगळंच कशाला हवं, असं म्हणणारी माणसंही मुबलक आहेत. रेल्वे रोह्याला. कोकण रेल्वेचा शून्य किलोमीटर रोह्यातच. तिथून ती निघते ती ७४१ किलोमीटर दक्षिणेला पळत मंगळूरजवळच्या ठोकूरला जाऊन थांबते, पण वाटेत एकदाही पश्चिमेला मान वळवून आमची चौकशी करत नाही. अलिबागकर निदान एवढं तरी सांगू शकतात की पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत रूळ आलेत. खत जातं, माणसांचं पुढे बघू. आमच्याकडे खताचीही सोय नाही. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पुरी झाली तेव्हा कोकणभर आनंदीआनंद होता आणि आमच्या आळीतले एक काका तेवढे चिंतेत होते. म्हणाले, "झालं. आता रोह्याच्या एसटीत बसायला जागा मिळायची नाही."

अशा गावात चाळिशी ओलांडलेला, पर्यटकांना दोन खोल्या आणि सुरमईचं ताट देऊन पोट भरणारा माणूस भर पितृपक्षात ओटीवर पालथा पडून रूळ जोडताना दिसला, तर येणारा-जाणारा थांबणारच. (पितृपक्षात गिऱ्हाईक कमी असतं म्हणून. पितरांचा यात हात नाही.) "काय चाललंय?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच उत्तर दिलं, "मुलीसाठी."

या उत्तरापुढे आपल्याकडे कोणी जात नाही. स्वतःसाठी शर्ट घ्यायचा तर माणसाला दिवाळीपर्यंत थांबावं लागतं. पोरांसाठी म्हटलं की काहीही, केव्हाही घेता येतं. आमच्याच आळीत एकानं मुलाला विज्ञानाची गोडी लागावी म्हणून दुर्बीण आणली. मुलगा तिला हात लावत नाही. वडील मात्र रोज संध्याकाळी गच्चीवरून पद्मदुर्गाच्या बाजूला डोळा लावून बसतात आणि कोणाची होडी परत आली ते गावाला कळवतात. दुसऱ्यानं मुलीसाठी कॅसिओ घेतला. सध्या तो स्वतःच त्यावर राष्ट्रगीत बसवतोय, त्यामुळे शेजाऱ्यांना दर अर्ध्या तासानं उभं राहावं लागतं. तिसऱ्यानं, समुद्रापासून शंभर पावलांवर राहून, पोरांसाठी म्हणून काचेच्या पेटीत मासे पाळलेत. कोळीण दारावर आली की तो त्या पेटीवर टॉवेल टाकतो.

ही पळवाट आपण शोधलेली नाही. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी नावाच्या कारकुनानं आपल्या मुलांसाठी भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांचं खेळणं केलं आणि १९०१ साली त्याचं पेटंट घेतलं. तेच पुढे मेकॅनो. १९२० पासून त्याच्या कारखान्यातून चावीच्या आगगाड्या निघायला लागल्या, मग विजेच्या. म्हातारपणी तो खासदारही झाला. पोरांसाठी म्हणून सुरू केलेलं काम माणसाला कुठवर नेतं बघा. ती पोरं त्यात खेळली किती, याचा कोणी पत्ता लागू देत नाही.

आमच्या रायगड जिल्ह्यात मात्र हे उलट्या बाजूनं घडलेलं आहे. माथेरानची गाडी अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली आणि तिचे सोळा लाख रुपये वडिलांनी, सर आदमजींनी घातले. १९०७ साली दोन फुटी रुळांवरून ती नेरळहून वर चढली, आणि लोक तिला अजून खेळण्यातलीच गाडी म्हणतात. मुलानं बापाच्या पैशांनी रेल्वे खेळावी, हा जिल्ह्याचा मूळ रिवाज. माझ्याकडे तो फिरला, कारण बापही मीच होतो आणि खेळायचंही मलाच होतं.

तशी माझी गाडी मामाची. मामा बोटीवर होता. एका सुट्टीत तो इंग्लंडहून हॉर्नबीचा विजेचा संच घेऊन आला. हिरवं इंजिन, तीन डबे, लांबट गोल रूळ आणि वेग कमी-जास्त करायची काळी डबी. तेव्हा दूरदर्शनवर रामायण चालू होतं. हे अशासाठी पक्कं लक्षात आहे की गाडी चालली की तिच्या मोटरीतल्या ठिणग्यांनी टीव्हीत मुंग्या यायच्या. एका रविवारी सकाळी अर्धी आळी आमच्या माजघरात हात जोडून बसलेली असताना मी आतल्या खोलीत डबीचं बटण फिरवलं, आणि इकडे रावणाच्या दहाही तोंडांवर आडव्या रेघा उठल्या. लोक आधी रावणालाच दोष देत होते. खरा प्रकार कळल्यावर घरात जो नियम झाला त्याला पुढे मुंबईकरांनी मेगाब्लॉक असं नाव दिलं. दर रविवारी, साडेनऊ ते साडेदहा.

मग दहावी आली. महाराष्ट्रातल्या बहुतेक छंदांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून दहावी असंच लिहिलेलं असतं. खोकं पोटमाळ्यावर गेलं. मी अलिबागला कॉलेजात, मग पनवेलला नोकरीत, मग पुन्हा मुरुडात खोल्यांच्या धंद्यात. लग्न झालं, मुलगी झाली, ती तिसरीत गेली. आणि श्राद्धासाठी तांब्याचं घंगाळ काढायला वर चढलो तर त्याच्यामागे मामाचं खोकं.

मुरुडची हवा माणसांना मानवते, म्हणून तर लोक पैसे देऊन ती खायला येतात. लोखंडाला ती अजिबात मानवत नाही. खिडकीचे गज, सायकलची चेन, फ्रीजचे पाय, सगळं इथे सावकाश खनिजात परत जात असतं. रूळ त्या वाटेवर बरेच पुढे गेले होते. इंजिनातल्या तेलाचा डिंक झाला होता. बायकोनं खोक्यात एकदा डोकावून "टाकायचं ना हे?" असं विचारलं, यात प्रश्नचिन्ह तिनं केवळ सभ्यपणानं घातलं होतं. मी इंजिन उघडलं, स्पिरिटनं पुसलं, शिलाई मशीनचं तेल दिलं, दोन तारा चाकांना लावल्या. आधी काही नाही. मग एक घोगरा आवाज, मग तो जुना वास, तापल्या तेलाचा आणि ठिणग्यांचा. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, टीव्ही लावलाय मी!"

या गाड्यांना वीज वरच्या तारेतून येत नाही, हे इथे सांगून टाकतो. एका रुळातून चाकात, चाकातून मोटरीत, मोटरीतून पलीकडच्या चाकात आणि तिथून दुसऱ्या रुळात, असा बारा व्होल्टचा प्रवास असतो. रुळावर गंज सोडा, बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी तो तुटतो आणि गाडी उभी राहते. जगभरचे दर्दी रूळ घासायला खास रबर विकत घेतात. मी मुलीच्या दप्तरातलं घेतलं. ते संपल्यावर तिचं दुसरं. यथावकाश शाळेच्या डायरीत बाईंचा शेरा आला, "खोडरबर आणत नाही. पालकांनी लक्ष द्यावे." पालकांचं लक्ष होतंच, फक्त ते रुळांकडे होतं. शेवटी नवे रूळ मागवले. हल्ली ते निकेल सिल्व्हरचे येतात. आईनं त्यातलं सिल्व्हर तेवढं ऐकलं आणि तोळ्याचा भाव विचारला. त्यात चांदी औषधालाही नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं, हे कळल्यावर ती म्हणाली, "मग एवढे पैसे कसले?" याचं उत्तर कुठल्याच कॅटलॉगात दिलेलं नाही.

माझ्या रेल्वेची दखल घेणारं पहिलं गिऱ्हाईक पुण्याचं होतं, हे सांगायची गरज नाही. कुटुंब जंजिऱ्याच्या होडीसाठी राजपुरीला गेलं आणि हे गृहस्थ पाय दुखतो म्हणून मागे राहिले. मी चहा घेऊन गेलो तर ओटीवर उकिडवे बसून, एक डोळा मिटून, रुळांकडे बघत होते. म्हणाले, "गेज चुकलंय तुमचं."

त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. आपल्याकडच्या रुंद रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. हॉर्नबीची गाडी खऱ्याच्या शहात्तराव्या हिश्शाची. म्हणजे माझ्या रुळांत बावीस मिलिमीटर अंतर हवं. आहे साडेसोळा. मोबाइलवर उलटा गुणाकार करून त्यांनी दाखवलं की माझी रेल्वे पुरती सव्वाचार फुटी पण नाही. अशी रेल्वे भारतात ना कधी होती, ना होईल. मी म्हटलं, "इंग्रजांची असेल." तर म्हणाले, "त्यांचीही नाही." मग कळलं ते असं. इंग्रजांची खरी इंजिनं अंगानं बारीक. सत्त्याऐंशीव्या हिश्शात ती केली तर त्या काळची मोटर आत मावेना. म्हणून त्यांनी रूळ सत्त्याऐंशीव्या हिश्शाचे ठेवले आणि इंजिन शहात्तराव्या हिश्शाचं केलं. सदरा मोठ्या भावाचा आणि चपला धाकट्याच्या, तसं. गेली कित्येक दशकं सगळं इंग्लंड याच तडजोडीवर गाड्या चालवतंय. एवढ्या मोठ्या साम्राज्याचं गेज चुकलेलं पाहून त्या गृहस्थांना जे समाधान झालं होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं. चहाचे पैसे वेगळे लावू का, हे विचारायचं मी विसरलो.

जाताना ते बजावून गेले, "आमच्या कोथरूडला या एकदा." गेलो. कर्वे रस्त्याजवळ भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ ला सुरू झालेलं. कोकणाला खरी रेल्वे मिळाली त्याच वर्षी कोथरूडला लहान मिळाली. पुणेकर कशातच मागे राहत नाहीत. तिथे सगळं सत्त्याऐंशीव्या हिश्शात, गेजसकट. स्टेशनं, सिग्नल, पूल, रस्ते, दिव्याचे खांब, आणि दिवे मालवले की त्या गावात रात्र होते. एका माणसानं हौसेपायी आयुष्यभर जमवलेलं आणि हातानं घडवलेलं हे गाव बघून माझा जीव वरखाली होत होता. असल्या ठिकाणी बाप लोकांचे चेहरे बघण्यासारखे असतात. पोरं पाच मिनिटांत म्हणतात, "बाबा, भूक लागली". बाप मात्र एका सिग्नलपुढे उभे असतात आणि तो हिरवा होईस्तोवर त्यांना हलवता येत नाही. माझ्या मुलीनं बराच वेळ शांतपणे सगळं पाहिलं आणि मग विचारलं, "यातली मुरुडला कुठली जाते?"

"कुठलीच नाही."

"मग स्टँड कुठे आहे?"

तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण मी त्या वेळी कोकण रेल्वेचा शहात्तरावा हिस्सा काढत होतो. ७४१ किलोमीटरचे पावणेदहा किलोमीटर होतात; म्हणजे आमच्या घरून रूळ टाकत निघालं तर नांदगावच्या आसपास ठोकूर येईल. ते सोडून दिलं. नुसता करबुड्याचा बोगदा घ्यावा तर साडेसहा किलोमीटरचे पंच्याऐंशी मीटर. तेवढ्यात आमची वाडी संपते, शेजाऱ्यांच्या पोफळी सुरू होतात आणि कोर्टाच्या तारखा लागतात. पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. तो चौऱ्याऐंशी सेंटिमीटरांत, जेवणाच्या टेबलापेक्षा चार बोटं वर, सहज झाला असता. पण ते टेबल गिऱ्हाइकाचं, आणि सोलकढीच्या वाटीवरून मालगाडी गेलेली सगळ्यांनाच आवडेल असं नाही.

शेवटी बोगद्याचा प्रश्न दिवाळीनं सोडवला. परदेशी मंडळी आपल्या रेल्वेभोवतीचे डोंगर करायला काय काय विकत घेतात! बाटलीतलं गवत, पाकिटातली झाडं, मापाची खडी. मराठी पोराला यातलं काही लागत नाही, ते दर दिवाळीत किल्ला करतं. दगड, विटा, गोणपाट, त्यावर लाल माती, मातीत अळीव. आणि प्रमाणाच्या बाबतीत आपली पोरं जन्मजात उदार. किल्ल्यावरचा मावळा बुरुजापेक्षा उंच असतो, गुहेतला वाघ हत्तीच्या दुप्पट, तळ्यात आगपेटीएवढं बदक, आणि सिंहासनावरचे महाराज महादरवाजातून आतच जाऊ शकणार नाहीत एवढे मोठे. ते तसेच हवेत. पुण्याचे गृहस्थ त्या दिवाळीत आले नाहीत ते बरं झालं.

मुरुडची पोरं किल्ला करणार म्हणजे जंजिरा तरी नाही तर पद्मदुर्ग तरी. मुलीनं जंजिरा केला, रुळाच्या गोलाच्या बरोबर मधोमध, परातीतल्या पाण्यात. मी हिशेबानं सांगितलं की चाळीस फुटी तट सव्वासहा इंचांत बसतो. तिनं तो तिच्या कोपराएवढा केला. पोटात भुयार ठेवलं आणि त्यातून रूळ नेला. म्हणजे कोकण रेल्वेच्या ९१ बोगद्यांत नसलेला, थेट जंजिऱ्याखालून जाणारा बोगदा आमच्या ओटीवर झाला. अळिवाला रोज पाणी लागतं आणि रुळांना पाणी चालत नाही. या एका भांडणात कोकण रेल्वेच्या अभियंत्यांचे पावसाळेच्या पावसाळे जातात, ते मला चार दिवसांत कळलं. तिसऱ्या दिवशी पूर्वेकडची दरड रुळावर आली. आणि जो जंजिरा तीनशे वर्षांत भल्याभल्यांच्या हाती लागला नाही, तो भाऊबिजेच्या पहाटे आमच्या मांजरानं घेतला. तटावरून चढाई वगैरे काही नाही. ते सरळ वर जाऊन झोपलं.

तोवर काळी डबी माझ्याकडे होती. म्हणजे मुलगी "सोड" म्हणायची आणि मी सोडायचो. ती माझ्या हातून गेली ती भाऊबिजेला आलेल्या आत्यामुळे. आत्या म्हणाली, "मुलीला कसली रे आगगाडी? भातुकली आणायची." मला चेव आला. मी साताऱ्याच्या सुरेखा यादवांची गोष्ट सांगितली. आशियातली पहिली रेल्वेचालक बाई आपल्या महाराष्ट्रातली. मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत घेऊन गेली, बोरघाटासकट. आत्या गप्प झाली. माजघरातून आई म्हणाली, "मग हिला चालवू दे की. तू का धरून बसलायस ते?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डबी दिली.

त्या दिवसापासून आमची रेल्वे ही एसटी आहे.

यात मुलीचा दोष काही नाही. तिनं आयुष्यात आगगाडी दोनदा पाहिलेली, एसटी रोज. मुरुडचं आगार शाळेच्या वाटेवर. स्टेशनाला तिनं 'मुरुड आगार' अशी पाटी लावली, खाली 'फलाट क्र. १'. फलाट क्रमांक दोन नाही, पण एक लिहिल्याशिवाय स्टँड वाटत नाही, असं तिचं म्हणणं. पहिल्या डब्यावर पट्टी आली, 'मुरुड – बोरिवली'. दुसऱ्यावर 'महिलांसाठी राखीव'. गाडी कुठेही हात दाखवला की थांबते. इंजिनाला शिट्टी आहे, पण ती वाजवत नाहीत. दोरी ओढल्यासारखं करून तोंडानं एकदा टिंग म्हटलं की थांबायचं, दोनदा म्हटलं की निघायचं. मी एकदा गार्डच्या हिरव्या झेंडीचा विषय काढला. तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं.

खरी अडचण गाडी वळवायची आली. तिला वाटे, स्टँडात शिरलं की गोल फिरून तोंड परत रस्त्याकडे, त्यात काय! पण दोन रुळांच्या विजेत हे जमत नाही. रूळ वळसा घेऊन स्वतःलाच येऊन मिळाला की डावा रूळ उजव्याला टेकतो, आणि मग गाडी वळत नाही, फ्यूज उडतो. जर्मनीतली मार्कलिन कंपनी मधोमध तिसरी वाट देऊन यातून सुटलीय. आम्ही गरीब माणसं. मी कागदावर आकृती काढून, अधिक-उणे दाखवून, अर्धा तास समजावलं. ती सगळं ऐकून म्हणाली, "मग रिव्हर्स घ्या ना." आणि स्वतः उठून गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली. डब्याच्या पत्र्यावर बोटानं टप टप टप. "येऊ द्या… येऊ द्या… उजवीकडे मारा… बस!" हे मी जन्मभर स्टँडवर पाहिलंय. पण खेळण्यातल्या रेल्वेच्या शंभर-सव्वाशे वर्षांत हा तोडगा कोणाला सुचल्याचं माझ्या वाचनात नाही.

एका सकाळी तिनं मालगाडीच्या सपाट वाघिणीवर तिची लाल प्लॅस्टिकची एसटी चढवली. मी म्हटलं, "अगं, असं कुठे असतं का?" तर म्हणाली, "आगरदांड्याला जेट्टीवरून बोटीत चढते ना गाडी? मग?" मी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण इथून जवळच, कोलाडला, १९९९ पासून मालानं भरलेले ट्रकच्या ट्रक रेल्वेवर चढवून गोव्यात वेर्ण्याला उतरवतात. जी गोष्ट कोकण रेल्वेनं खऱ्या ट्रकांनी केली ती मी प्लॅस्टिकच्या एसटीला नाकारावी, याला काही आधार नव्हता.

गिऱ्हाइकांचेही यात प्रकार पडतात. लहान मुलं रडतात, कारण हात लावू देत नाही (मी). डोंबिवलीचे एक गृहस्थ ओटीवर आले, गाडी सुरू झालेली पाहून त्यांनी नकळत खांद्यावरची पिशवी पोटाशी घेतली, आणि मग ओशाळून म्हणाले, "हो, ती सवय. दोन दिवस विसरायला म्हणून आलो होतो इथे." त्यांना मी समुद्राच्या बाजूची खोली दिली, तिथून गाडीचा आवाज येत नाही. बाकी बापमंडळी एकाच वाटेनं जातात. आधी लांबून हसतात. मग विचारतात, हे मिळतं कुठे. मग किंमत. मग थोडा वेळ गप्प. मग स्वतःच्या पोराकडे वळून, पोरानं काही मागितलेलं नसताना, "काय रे, तुला हवी का अशी?"

पावसाळ्यात आमचंही वेळापत्रक बदलतं. कोकण रेल्वे जूनपासून पावसाळी वेळापत्रक लावते, गाड्या सावकाश हाकते, हे मुलीला सांगितल्याचा परिणाम. ओटीवर ओल येते, रूळ हिरवट पडतात, वीज मनात येईल तेव्हा जाते. मग ती पाटी लावते, 'मार्गावर पाणी असल्याने फेरी रद्द', आणि प्रवाशांना पुढच्या गाडीची वाट बघायला सांगते. प्रवासी म्हणजे सुपाऱ्या. त्या खोबणीत नीट बसतात आणि तक्रार करत नाहीत.

सुपारीवरूनच मला ग्वाल्हेर आठवलं, आणि मी ते घरात बोललो. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या लांबलचक टेबलावर चांदीची आगगाडी आहे. माधवराव शिंद्यांनी ती इंग्लंडच्या बॅसेट-लोक कंपनीकडून विसाव्या शतकाच्या आरंभी करवून घेतली. डब्या-डब्यावर शिंद्यांच्या नावाचं एकेक इंग्रजी अक्षर, आणि डब्यांतून मद्याच्या सुरया आणि सिगार पाहुण्यांपुढून फिरायचे. सुरई उचलली की गाडी आपोआप थांबते, परत ठेवली की चालू लागते. ग्वाल्हेरच्या दोन फुटी रेल्वेचे मालकही तेच शिंदे. म्हणजे घरातल्या आणि बाहेरच्या, दोन्ही गाड्यांत त्यांची कोणी तिकिटं तपासली नसणार.

मला एवढंच म्हणायचं होतं की आपणही आईची सुपारी स्वयंपाकघरातून माजघरात गाडीनं पाठवू. आईचे गुडघे दुखतात. घरात पहिल्यांदाच माझ्या रेल्वेची कल्पना एकमतानं मंजूर झाली. उंबऱ्याला छोटा चढ करून रूळ आत नेले. संध्याकाळी पहिली फेरी सुटली. उघड्या वाघिणीत चिमूटभर ओवा, वर कातरलेली सुपारी, पुढे हिरवं इंजिन. आईनं वाटी उचलली. गाडी काही आपोआप थांबली नाही, ती पुढे जाऊन देव्हाऱ्याच्या पायरीला धडकली. पण शिंद्यांची चांदीची होती, आमची नव्हती. आई खूश झाली. दुसऱ्या दिवशी तिनं पान मागवलं, तिसऱ्या दिवशी चष्मा.

आणि मग कंडक्टरनं तिकिटं फाडायला घेतली. माल-वाहतूक असो की प्रवासी, गाडी वापरायची तर तिकीट हवं. एसटीचे सगळे नियम तिला पाठ. आई पंच्याहत्तरीच्या पुढची, तिला ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट. फक्त आधार कार्ड दाखवायचं, तेही तिनं खरोखर मागितलं आणि आईनं खरोखर कपाटातून काढून दिलं. बायकोला मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट. आत्यालाही निम्मं, शिवाय माहेरी आलीय म्हणून खिडकीची जागा. मांजर लगेज. घरात पूर्ण तिकीट भरणारा प्रवासी एकच उरला.

"कुठे जायचंय?" घरी ती मला तू म्हणते, गाडीत "ओ काका".

"स्वयंपाकघर."

"अकरा रुपये. सुट्टे द्या."

माझ्याकडे वीसची नोट होती. तिनं ती घेतली, दिव्याकडे धरून पाहिली, खिशात घातली आणि तिकिटाच्या मागे '९' लिहून त्याभोवती गोल केला. "उतरताना मागून घ्या. पुढे सरका, आत जागा आहे."

ती बाकी अजून मिळालेली नाही. परवा मागितली तर म्हणाली, आगारप्रमुखांकडे अर्ज करा. आगारप्रमुख कोण, विचारलं. तिनं फलाट क्रमांक एककडे बोट दाखवलं. तिथे मांजर रुळांवर आडवं होऊन झोपलं होतं, आणि त्याच्यासमोर पाटी होती, 'जेवणाची सुट्टी'.